एक बेट, दोन घड्याळं: क्रूझच्या थांब्यावर घेतलेल्या रिसॉर्ट डे पासचं प्रकरण

पार्श्वभूमी

वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातलं मराठी कुटुंब. माणसं सहा: सत्तरी ओलांडलेले आजोबा, गुडघ्यांनी बेजार आजी, मुलगा, सून, अकरा वर्षांची नात आणि नुकती चार वर्षं पूर्ण झालेला नातू. गुजरातेत शाळांना दिवाळीची २१ दिवस सुट्टी असते, म्हणून सहल नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात ठरली. सिंगापूरहून निघायचं, मलेशियातलं पेनांग आणि थायलंडमधलं फुकेत बेट करून चौथ्या रात्रीनंतर परत सिंगापूर. क्रूझवर चढताना आपण सिंगापूर सोडतो आणि उतरताना पुन्हा शिरतो, त्यामुळे एकाहून अधिक प्रवेशांचा व्हिसा हवा. तेवढं शहरातल्या एजंटनं नीट पाहिलं होतं.

फुकेतच्या दिवसासाठी मात्र एजंटकडे तयार उत्तर नव्हतं. आजींना बेटभर फिरायचं नव्हतं, नातवाला पाणी हवं होतं, नात महापालिकेच्या तरणतलावात दोन उन्हाळे पोहायला शिकलेली. सुनेनं सुचवलं की फुकेतच्याच कारोन किनाऱ्यावरच्या एखाद्या रिसॉर्टचा दिवसाचा पास घेऊ: तलाव, सावली, स्वच्छ शौचालय आणि जेवण एकाच ठिकाणी. कल्पना चांगली होती. पुढे जे बिनसलं ते वेळेच्या हिशेबात.

पास म्हणजे नेमकं काय

थायलंडमध्ये समुद्रकिनारा सार्वजनिक असतो. रिसॉर्ट कितीही महाग असलं तरी समोरची वाळू आणि लाटा सगळ्यांच्या. पासाचे पैसे जातात तलाव, छत्रीखालची खाट, गोड्या पाण्याची आंघोळ, टॉवेल, लॉकर आणि बसायला हक्काची जागा यांसाठी. बहुतेक ठिकाणी त्यातला काही भाग खाण्यापिण्यात वळता होतो. न वापरलेली वळती रक्कम मात्र परत मिळत नाही.

या कुटुंबानं घेतलेला पास मोठ्यांना १,८०० बाथ, ४ ते ११ वयाच्या मुलांना ९०० बाथ. त्यातले मोठ्यांचे १,२०० आणि मुलांचे ६०० खाण्यात वळते. म्हणजे एकूण ९,००० बाथ भरायचे, पैकी ६,००० चं खाता येणार. बाथ अडीच रुपये धरला तर साडेबावीस हजार रुपये. नातू महिन्याभरापूर्वीच चार वर्षांचा झाला नसता तर फुकटात आत गेला असता. अशा वेळी घरात जे विनोद होतात ते झालेच.

अडचण

एजंटच्या कागदावर लिहिलं होतं: ‘फुकेत, सकाळी ९ ते संध्याकाळी ६.’ मुलानं हिशेब मांडला. नऊला उतरू, दहाला रिसॉर्टवर, पाचला निघू, सहाच्या आत जहाजावर. सात तास. पासाची वेळही सकाळी १० ते संध्याकाळी ६ होती, म्हणजे सगळं जुळलं.

या हिशेबात चार चुका होत्या आणि त्या सगळ्या एकाच दिशेनं जात होत्या.

पहिली: जहाजाचं घड्याळ सिंगापूरच्या वेळेवर होतं आणि फुकेत सिंगापूरच्या एक तास मागे आहे. सिंगापूर भारताच्या अडीच तास पुढे, थायलंड दीड तास. रिसॉर्टचा तलाव बेटाच्या वेळेनं दहाला उघडतो, म्हणजे जहाजाच्या वेळेनं अकराला. काही जहाजं रात्री घड्याळ मागे घेतात, काही घेत नाहीत. तो निर्णय जहाजाचा असतो आणि रोज रात्री खोलीत येणाऱ्या पत्रकात छापलेला असतो. आदल्या दिवशीच्या पेनांगमध्ये हा प्रश्न उद्भवलाच नाही, कारण मलेशियाची वेळ सिंगापूरचीच. पहिला थांबा सुरळीत गेला आणि सगळे निर्धास्त झाले.

दुसरी: फुकेतला काही जहाजं पूर्वेकडच्या आओ माखाम बंदरात धक्क्याला लागतात, काही पश्चिमेला पातोंगच्या खाडीत नांगर टाकून उभी राहतात. हे जहाज दुसऱ्या प्रकारचं. तिथं किनाऱ्यावर जायला छोट्या टेंडर बोटी असतात. कोकणातल्या जुन्या आगबोटींवरून प्रवासी पडावात उतरायचे, तोच प्रकार. हजारो माणसं, मोजक्या बोटी. जहाजाची स्वतःची सहल घेतलेल्यांना आधी सोडतात, बाकीच्यांना नंबर. नऊला जहाज पोहोचणं आणि नऊला आपण वाळूवर असणं यात तास-दोन तासांचं अंतर पडतं.

तिसरी: सहा ही जहाज सुटायची वेळ. शेवटची टेंडर पाचची होती.

चौथी: पातोंग ते कारोन अंतर थोडं, पण रस्ता टेकडीवरून. सहा माणसांची व्हॅन, वाटेतली गर्दी आणि धक्क्यापासून टॅक्सीपर्यंतची चाल धरून अर्धा तास जातो.

आता खरी वजाबाकी. तलाव उघडतो जहाजाच्या ११ ला. शेवटची टेंडर १७ ला, तिच्या तासभर आधी म्हणजे १६ ला धक्क्यावर असायला हवं, म्हणजे रिसॉर्ट सोडायचं १५.३० ला. सगळं मनासारखं झालं तरी साडेचार तास. सात नव्हेत.

कोणते पर्याय होते

हे सगळं सहलीच्या दोन महिने आधी तपासता आलं असतं. पण तेव्हा पर्यायांचा विचार सात तास गृहीत धरून झाला. तरीही तो कसा झाला हे पाहण्यासारखं आहे.

जहाजाची सहल हा सगळ्यात सुरक्षित मार्ग. उशीर झाला तर जबाबदारी जहाजाची. आपण स्वतः फिरायला गेलो आणि जहाज चुकलं, तर पुढच्या बंदरापर्यंत स्वखर्चानं जायचं. इथं पुढचं बंदर थेट सिंगापूर, म्हणजे सहा विमान तिकिटं. पासपोर्ट जहाजाच्या ताब्यात असतील तर ते बंदरातल्या एजंटकडून मिळवण्याची धावपळ वेगळीच. पण त्या सहलीत बसमधून चढणं-उतरणं फार. आजींनी एका वाक्यात निकाल लावला: “बस चढायला मी कशाला येऊ? ते तर इथं स्टेशनला पण करते.”

जहाजावरच थांबणं हा पर्याय कुणी गंभीरपणे घेतला नाही. पैसे भरून फुकेतला जायचं आणि उतरायचं नाही, हे मनाला पटत नाही. हिशेबाला मात्र पटतं: थांब्याच्या दिवशी जहाजावरचे तलाव रिकामे असतात आणि जेवणाचे पैसे आधीच भरलेले असतात. निदान आजी-आजोबांसाठी हा पर्याय कागदावर तरी यायला हवा होता.

पातोंगच्या किनाऱ्यावर भाड्याची छत्री घेणं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जवळ. अडचण शौचालयाची आणि गोड्या पाण्याची. चार वर्षांचं मूल आणि गुडघे दुखणारी आजी सोबत असताना ती छोटी नसते.

चौथा पर्याय म्हणजे दिवसापुरती खोली. काही हॉटेलं सकाळ ते संध्याकाळ खोली देतात. तिच्यासोबत दोघांना तलाव मिळतो, बाकीच्यांचे पैसे वेगळे. पाठ टेकायला पलंग मिळतो हा मोठा फायदा. चौकशी केली तेव्हा खोली दुपारी बारानंतरच मिळणार असं कळलं आणि विषय संपला.

उरला पास. पातोंगमध्येच, उतरण्याच्या जागेपासून चालत जाता येईल असं एक हॉटेल पास देत होतं, मोठ्यांना माणशी ३०० बाथ जास्त, मुलांना त्याच्या निम्मे. सुनेनं तेच सुचवलं. मुलाला कारोनचं आवडलं: किनारा मोठा, मुलांसाठी उथळ तलाव, फोटो देखणे. कारोन ठरलं. या प्रकरणातला हा पहिला निर्णायक क्षण. सहा जणांचे मिळून १,५०० बाथ वाचले, पण व्हॅनचे जाऊन-येऊन १,६०० लागले, वर तासभर प्रवासात गेला.

काय केलं

एक गोष्ट फार चांगली झाली. पास कुठल्या तिसऱ्या संकेतस्थळावरून न घेता सुनेनं रिसॉर्टला थेट ई-मेल लिहिली. प्रश्न तीन: जहाज थांबलंच नाही तर पैसे परत मिळतील का, वळत्या रकमेतून काय काय घेता येतं, तलावात कोणते कपडे चालतात. विकणारी संकेतस्थळं ‘रद्द केल्यास परतावा नाही’ एवढंच दाखवतात. नोव्हेंबरची सुरुवात हा नैऋत्य मोसमी वाऱ्याचा शेवट. अंदमान समुद्राच्या बाजूला तेव्हाही लाटा उठतात, आणि टेंडर बोटी सुरक्षित नाहीत असं कप्तानाला वाटलं तर थांबा रद्द होतो. असं झाल्यास जहाज बंदराचं शुल्क परत करतं, तुमच्या पासाचं त्याला काही देणं-घेणं नसतं. रिसॉर्टनं लेखी कळवलं: जहाज थांबलं नाही तर पूर्ण परतावा, फक्त त्याच दिवशी सकाळी कळवा. लेखी मिळालं हे महत्त्वाचं. फोनवरचं आश्वासन स्वागतकक्षातली पाळी बदलली की हवेत विरतं.

कपड्यांच्या प्रश्नाचं उत्तरही उपयोगी पडलं. सुती कपड्यांना तलावात बंदी. यात भेदभाव नाही: सुताचे तंतू सुटून गाळणीत अडकतात, रंग उतरतो आणि ओलं सूत जड होऊन माणसाला खाली ओढतं. मंगळ बाजारातून नात आणि सुनेसाठी पूर्ण बाह्यांचे नायलॉन-लायक्राचे पोशाख आले. आजी म्हणाल्या, “मी पाय सोडून बसेन. मला नका घालू ते.” सलवार सुती होती, त्यामुळे पाय सोडणंही तलावाच्या कडेवर नव्हे, पायऱ्यांपाशी पाय धुण्याच्या जागेवरच झालं. त्यांच्या १,८०० बाथमध्ये तलावाचा वाटा होता, तो वाया गेला. पोहणार नसलेल्यांसाठी कमी दर आहे का, हा चौथा प्रश्न विचारायचा राहिला होता.

फुकेतच्या आदल्या रात्री पत्रक आलं आणि पहिल्याच ओळीत होतं: सर्व वेळा जहाजाच्या. सुनेच्या डोक्यात तेव्हा गणित लख्ख झालं. “अरे, आपले अडीच तास गेले,” ती म्हणाली. पास रद्द करायची मुदत उलटून गेली होती, त्यामुळे जायचं की नाही हा प्रश्न उरला नव्हता. प्रश्न होता कोणतं घड्याळ पाळायचं. मोबाइल विमान मोडवर असेपर्यंत सिंगापूरची वेळ दाखवतो. किनाऱ्यावर थाई नेटवर्क पकडलं की गुपचूप एक तास मागे जातो. त्यावर चार वाजले की जहाजावर पाच वाजलेले असतात आणि शेवटची बोट सुटलेली असते. आजोबांच्या मनगटावर चावीचं एचएमटी होतं, जे कुठल्याही नेटवर्कचं ऐकत नाही. ठरलं की ते सिंगापूरच्या वेळेवर ठेवायचं आणि निघण्याचा शब्द आजोबांचा.

त्या दिवशी

दुसरा निर्णायक क्षण सकाळी आला आणि कुणाच्या लक्षात न येता गेला. टेंडरचे नंबर आठपासून मिळणार होते. कुटुंब आधी न्याहारीला गेलं आणि पावणेनऊला नंबर घेतला: चौदावा गट. लाटा थोड्या उठत होत्या, त्यामुळे प्रत्येक बोट भरायला जास्त वेळ लागत होता. नंबर पुकारला १०.४० ला. एकानं पावणेआठला जाऊन सगळ्यांची कार्डं दाखवून नंबर घेतला असता तर तासभर सहज वाचला असता. सहाही जणांनी रांगेत उभं राहायची गरज असते का, हे त्या जहाजावर आदल्या रात्री विचारून घ्यायचं.

टेंडरमध्ये उतरताना आजींची परीक्षा झाली. जहाजाच्या पोटातल्या दारातून, पाण्याच्या पातळीवरच्या फलाटावरून बोटीत पाऊल टाकायचं असतं. बोट हात-दीड हात वर-खाली होत असते. दोन खलाशी दोन्ही दंड धरतात आणि बोट फलाटाच्या पातळीला आली की ‘आता’ म्हणतात. तोवर पाऊल उचलायचं नाही, आणि उचललं की थांबायचं नाही. अंगठ्याची चप्पल इथं धोक्याची. मागे पट्टा असलेली सँडल हवी. हातात पिशवी नको, दोन्ही हात मोकळे हवेत. आजी उतरल्या. पण गुडघा वाकत नसेल अशा माणसानं नांगरलेल्या जहाजावरून उतरण्याचा बेत करूच नये; धक्क्याला लागलेल्या जहाजाची गोष्ट वेगळी.

जहाजाच्या १२ ला, म्हणजे बेटाच्या ११ ला, कुटुंब रिसॉर्टच्या दारात होतं. तिथं २,००० बाथ अनामत मागितली. मुलानं प्रीपेड फॉरेक्स कार्ड पुढे केलं. कार्डावर तेवढी रक्कम अडकून पडली आणि मोकळी व्हायला सहल संपून आठवडा जावा लागला. रोख अनामत दिली असती तर निघताना हातात परत आली असती.

जेवणाचा घोटाळा वेगळा. कुटुंब शाकाहारी, अंडंही नाही. थाई स्वयंपाकात भाजीलाही माशांचा खारट सॉस (फिश सॉस) पडतो. तो मिठासारखा वापरला जातो. नुसतं ‘व्हेज’ म्हटलं तर मांसाचे तुकडे काढतात, सॉस तसाच राहतो. तिथं दोन शब्द उपयोगी आहेत. ‘मांगसविरत’ म्हणजे शाकाहार. हा शब्द आपल्या ‘मांसविरती’चाच थाई अवतार आहे, म्हणून लक्षात राहायला सोपा. पण त्यात अंडं चालतं. त्याहून काटेकोर शब्द ‘जे’: मांस, मासे, अंडी, दूध काही नाही, कांदा-लसूणही नाही. फुकेतचा प्रसिद्ध शाकाहार उत्सव याच ‘जे’ जेवणाचा. हे शब्द कुटुंबाला त्या दिवशी तिथल्या वाढप्याकडून कळले, तोवर एक थाळी परत गेली होती आणि नातू भुकेनं रडत होता.

यादीवरच्या किमतींपुढे दोन अधिकची चिन्हं होती. त्यांचा अर्थ दहा टक्के सेवाशुल्क आणि त्या बेरजेवर सात टक्के कर, म्हणजे शंभराचे ११७ बाथ ७०. कुटुंबानं यादीप्रमाणे ३,४०० बाथचं खाल्लं, बिल झालं ४,००२. वळत्या रकमेतले जवळजवळ २,००० बाथ शिल्लक राहिले ते रिसॉर्टला. सहा शहाळी आणि फळांची दोन ताटं मागवायला हरकत नव्हती. पण बिल कुणी पाहिलंच नव्हतं, ते मागवलं तेव्हा निघायची घाई होती.

घाईचं कारण आकाश. बेटाच्या १.४० ला पूर्वेकडून काळं भरून आलं, वीज दिसली आणि जीवरक्षकानं शिट्टी मारून तलाव रिकामा केला. किनाऱ्यावर लाल झेंडा लागलाच होता. मुलाचं म्हणणं, अर्धा तास थांबू, सर येऊन जाईल. आजोबांनी मनगट पाहिलं: पावणेतीन. “सर जाईल रे, पण टॅक्सीला रांग लागेल आणि बोटीलाही. निघू या.” हा तिसरा निर्णायक क्षण, आणि इथं निर्णय बरोबर झाला. पाऊस सगळ्यांना एकाच वेळी धक्क्याकडे ढकलतो. बेटाच्या दोनला निघून, पावसात टेकडी उतरून जहाजाच्या ३.४० ला ते पातोंगला पोहोचले, रांगेत पन्नास मिनिटं गेली, ४.५० ला जहाजावर. जहाजानं नंतर रांग पाहून बोटी आणखी अर्धा तास चालवल्या, म्हणजे थांबले असते तरी चाललं असतं. पण ते रिसॉर्टच्या छपराखाली बसून कुणाला कळणार होतं?

निष्पत्ती

कुणी हरवलं नाही, कुणी पडलं नाही, जहाज चुकलं नाही. नात तलाव रिकामा होईपर्यंत पोहली आणि तिच्या मते सगळ्या सहलीतला हाच दिवस भारी. खर्च पास आणि व्हॅन मिळून १०,६०० बाथ. रिसॉर्टवर प्रत्यक्षात मिळाले तीन तास. म्हणजे तासाला सहा जणांचे सुमारे ३,५०० बाथ. सात तासांच्या मूळ हिशेबानं हाच आकडा दीड हजार होता. पास महाग नव्हता. तास महाग पडले.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात मोठा बदल: पास घेण्याआधी जहाज धक्क्याला लागणार की नांगर टाकणार हे विचारणं. एजंटला माहीत नसेल तर क्रूझ कंपनीच्या बुकिंगच्या तपशिलात सापडतं. नांगर असेल तर उतरण्याच्या जागेपासून चालत जाण्याच्या अंतरावरचाच पास घ्यायचा, थोडे जास्त पैसे देऊनही. सुनेचं म्हणणं ऐकलं असतं तर व्हॅनचे पैसे वाचले असते, प्रवासाचा तासही हाती राहिला असता, आणि पावसात धक्का पाच मिनिटांवर असता.

दुसरा: कुटुंबाची फाळणी. सहा पासांऐवजी चार घेऊन आजी-आजोबांनी जहाजावर निवांत बसायचं. ३,६०० बाथ वाचले असते आणि आजींचं दोन वेळा टेंडरमध्ये चढणं-उतरणं टळलं असतं. आजींना हे नंतर विचारलं तेव्हा त्यांनी ठाम नकार दिला: “मग मी फुकेत पाहिलं असं कसं म्हणू?” आजोबा मात्र काही बोलले नाहीत.

बाकीचं किरकोळ, पण करता येण्यासारखं. वळत्या रकमेचं जेवण पोहोचल्या पोहोचल्या सांगून ठेवायचं आणि ‘जे’ हा शब्द थाई लिपीत मोबाइलमध्ये ठेवायचा. निघण्याच्या चाळीस मिनिटं आधी बिल मागवून शिल्लक पाहायची. अनामत रोख द्यायची. टॅक्सीवाल्याला परतीची वेळ बेटाच्या घड्याळानं सांगायची आणि स्वतः जहाजाच्या घड्याळानं पाळायची. उलटं केलं तर तो तासभर उशिरा येतो. मोबाइलमधली आपोआप वेळ बदलण्याची सोय जहाजावरून उतरण्याआधी बंद करायची, सगळ्यांच्या फोनवर, नातीच्याही.